साळवेबाईंच्या पुडिंगात काय होतं

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते एस्तेर साळवे यांचं. त्यांचं नाव सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण आमच्या गावात तीस वर्षांत ते कोणी चारचौघांत उच्चारलेलं नाही. शाळेच्या कार्यालयात माजी शिक्षकांच्या नावांची फळी आहे, तिच्यावरही ते नाही. माझे वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे आणि आई अंगठा उठवायची. त्या घरातला मुलगा आज मिशिगनमधल्या नोव्हायला मोटारींच्या दिव्यांची डिझाइनं तपासतो, तो साळवेबाईंनी शाळा सुटल्यावर फुकट शिकवलेल्या इंग्रजीच्या जोरावर. त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनात रोज असते. तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट तितकीच वर्षं राहत आली आहे. आमच्या शाळेच्या अण्णासाहेबांनी बाईंचं जे केलं, त्याचा मला सूड हवा होता.

यंदा नोव्हेंबरात हळद संपली म्हणून इथल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे ‘इंटरनॅशनल’ अशी पाटी लावलेल्या गल्लीत आपले मसाले आणि इंग्रजांची बिस्किटं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. खालच्या फळीवर चिनीमातीचं एक पांढरं भांडं दिसलं. उंच, बुडाशी निमुळतं, दोरी बांधता यावी म्हणून जाड ओठाचं. पुडिंगचं भांडं. अमेरिकेतल्या नाताळात हे पुडिंग नसतं. इथे पुडिंग म्हटलं की माझ्या मुलीला चॉकलेटची गार खीर आठवते. मी ते भांडं उचललं, ओठावरून बोट फिरवलं, आणि त्या थंडगार गल्लीत मला जायफळाचा वास आला.

बाईंचं घर मिशनच्या दवाखान्यामागे होतं. दोन खोल्या आणि पुढे शेणानं सारवलेलं अंगण. बाईंची आई एका इंग्रज डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होती. मॅडम निघून गेल्या, तेव्हा त्यांनी तिला तीन वस्तू दिल्या. शिवणाचं मशीन, घरगुती माहितीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि ते पांढरं भांडं. पुडिंग ढवळण्याचा दिवस नाताळच्या कितीतरी आधी यायचा, नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी. बाई सांगायच्या, त्या रविवारी विलायतेच्या देवळात जी प्रार्थना म्हणतात तिची सुरुवातच ‘हे प्रभू, ढवळून काढ’ अशी आहे. देवाला लोकांची मनं ढवळायला सांगितलेलं असतं, पण बाकांवर बसलेल्या बायकांना आठवायचं की अरे, घरी पुडिंग ढवळायचं राहिलं! हे सांगताना बाई स्वतःच तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या रविवारी आम्ही अकरा मुलं त्यांच्या अंगणात जमायचो. जिन्नस तेराच हवेत, येशूचा एक आणि शिष्यांचे बारा. बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, काकवी, पावाचा चुरा, आठवडाभर उन्हात वाळवलेल्या संत्र्याच्या साली. साली खलबत्त्यात पडल्या की सगळं अंगण आंबटगोड व्हायचं. मग बाई शेगडीवर तूप पातळ करायच्या. ते तूप मी अजून पाहू शकतो. रवाळ, पिवळं, कडेनं हळूहळू विरघळणारं. त्या पळीनं ते सोडायच्या आणि प्रत्येकानं तीनदा ढवळायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण तारा पाहून निघालेले ज्ञानी लोक पूर्वेकडून आले होते. ढवळताना मनात इच्छा धरायची, बोलायची नाही. सायकलवाल्याचा मुन्ना दरवर्षी मोठ्यानं बोलायचा, “बाई, मला गणितात पास करा!” आणि बाई म्हणायच्या, “अरे, ते ज्ञानी लोकसुद्धा तुझं गणित बघून परत गेले असते.”

मग भांड्याला फडकं बांधून ते पातेल्यात उकडायला ठेवायचं, आठ तास. पाण्याच्या उकळीनं भांडं बुडावर टकटक वाजत राहायचं आणि त्या तालावर आम्ही क्रियापदांची रूपं पाठ करायचो. अजूनही इंग्रजीत भूतकाळ वापरताना माझ्या कानामागे कुठेतरी ती टकटक असते.

नाताळला बाई सगळ्याच विलायती रीती गावच्या सामानातून उभ्या करायच्या. विलायतेत दारावर एका झाडावर वाढणाऱ्या दुसऱ्या झाडाची डहाळी टांगतात. बाई आंब्यावरचं बांडगूळ काढून आणायच्या. त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसांनी काय करायचं असतं, हे मात्र त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मुका घ्यायचा असतो, हे मला त्या जाड पुस्तकात सापडलं आणि वर्गात माझा भाव वधारला. कागदाच्या नळीत बाई टिकल्यांच्या पिस्तुलातली टिकली अशी चिकटवायच्या, की दोन मुलांनी दोन टोकं ओढली की फट्कन आवाज व्हायचा आणि आतून लिमलेटची गोळी आणि कागदी मुकुट निघायचा. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आणि झाडूवाल्या मावशींना पुडा बांधून द्यायचा. “ही आपली दिवाळीची पोस्तच की,” मी म्हटलं होतं. “मग?” बाई म्हणाल्या, “माणसं सगळीकडे सारखीच, सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना लाज वाटते.”

या रीती आल्या कुठून, याचं वेड मला तिथे लागलं. बांडगूळ ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचं, जुन्या झाडपूजकांचं. पुडिंग पूर्वी गोड नव्हतंच, मांस आणि धान्याची पेज होती, तिच्यात हळूहळू फळं आली आणि मांस निघून गेलं. बाई म्हणायच्या, “कुठून आलं ते जरूर शोध. पण माणसाच्या ताटात आज काय आहे, ते आधी बघ.” त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं.

सातवीत असताना जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला बाईंनी माझं नाव दिलं. विषय मीच घेतला, इंग्रजांचा नाताळ आणि त्याच्या चालीरीती. भाषण बाईंनी तपासून दिलं होतं, पण आदल्या दिवशी त्या जाड पुस्तकातलं एक वाक्य मला फार भारी वाटलं, म्हणून मी ते त्यांना न विचारता घातलं. पुडिंग बांधून येण्यासाठी इंग्रज लोक त्यात ‘सूएट’ घालतात, असं ते वाक्य होतं. शाळेच्या मैदानात सगळ्यांसमोर सराव झाला. संस्थेचे सचिव अण्णासाहेब मधल्या खुर्चीत बसले होते, पांढरं धोतर, हातात चष्म्याची डबी.

“छान,” ते म्हणाले. “सूएट म्हणजे काय रे?”

मला ते येत होतं याचा मला एवढा आनंद झाला, की मी छाती काढून ओरडलो, “गाईची चरबी, सर!”

मग अण्णासाहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “आणि हे पुडिंग तुमच्यापैकी कोणी कोणी खाल्लंय?”

अकरा हात वर गेले. माझा सगळ्यांत उंच.

शिक्षकांच्या रांगेतून बाई उठल्या. “अण्णासाहेब, मी त्यात काय घालते ते मला विचारा तरी.”

“त्यात विचारायचं काय?” अण्णासाहेब म्हणाले. “तुमच्याच विद्यार्थ्यानं सांगितलं.”

मी तूप पाहिलं होतं. अकरा जणांनी पाहिलं होतं. आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. हौदाशी ओळीनं उभं करून आम्हाला चुळा भरायला लावल्या, त्या पाण्याचा गंजका वास. आईनं मला मारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाईंच्या घराच्या भिंतीवर गेरूनं काहीतरी लिहिलं होतं आणि त्या ओल्या फडक्यानं पुसत होत्या. नाताळच्या सुट्टीनंतर इंग्रजीला दुसरे सर आले. पुढे बाई सरकारी दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर लिहायला बसल्या, निवृत्त होईपर्यंत. अण्णासाहेबांच्या घरातली माणसंसुद्धा त्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि बाईंनी त्यांची नावं त्याच वळणदार अक्षरात लिहिली. मला त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. मी अंधार पडल्यावर मागच्या दारानं जायचो. पण नोव्हेंबर आला, गेला, शेगडी पेटली नाही. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “ते राहू दे. ‘ब्रिंग’चा भूतकाळ सांग.”

शिरीष हा अण्णासाहेबांचा धाकटा मुलगा. तो इथे नोव्हायलाच, माझ्यापासून दहा मिनिटांवर राहतो. चांगला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. आठ वर्षं मी त्याच्याबरोबर बॅडमिंटन खेळतोय, आणि आठ वर्षं मनात एकच हिशेब होता. कधीतरी याचा बाप इथे येईल. ऑक्टोबरात त्यानं ग्रुपवर टाकलं, “अण्णा पहिल्यांदाच इकडे येतायत, मार्चपर्यंत आहेत. ख्रिसमसचा पॉटलक आमच्याकडे!” सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मीही पाठवलं.

म्हणून ते भांडं मी घेतलं. आणि मग मांसाच्या काउंटरवर जाऊन सूएट मागितलं. तिथल्या बाईनं कागदात गुंडाळून दिलं आणि हसून विचारलं, “पक्ष्यांसाठी ना?” इथे थंडीत लोक ते अंगणात टांगतात, सुतारपक्षी येतात. मी “हो” म्हणालो. खोटं बोललो.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, हीटर घुरघुरत होता. ओट्यावर बारा जिन्नस मांडलेले, आणि तेराव्याच्या जागी दोन गोष्टी. तुपाची बरणी आणि कागदातला तो पांढरा गोळा. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात गोल फिरत होतो. माझी बायको मेधा नागपूरची आहे. ती दारात येऊन उभी राहिली.

“काय करून राहिला तू?”

“पूर्व शोधतोय.”

“पुडिंगला वास्तुशास्त्र लागते का रे?” मग तिची नजर कागदावर गेली आणि तिचं हसू थांबलं. तिला सगळं माहीत होतं. “हे तू त्या म्हाताऱ्याला खाऊ घालणार?”

“त्यांनीच सांगितलं होतं ना, की यात हे असतं? मग असू दे.”

“आणि बाई? त्यांनी कधी घातलं होतं?”

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा धर्म आपल्या हातानं बुडवू नये, असं काही थोर मला वाटलं नाही. मला फक्त एवढं दिसलं, की तो गोळा भांड्यात पडला की अण्णासाहेब खरे ठरतात. तीस वर्षांनंतर, माझ्या हातानं. ते पुडिंग बाईंचं राहणार नाही, अण्णासाहेबांचं होईल. मी कागद उचलला आणि मागच्या अंगणात मेपलच्या फांदीला जाळीत बांधून टाकला. मग तूप पातळ केलं. माझी मुलगी इरा स्टुलावर चढून ढवळू लागली आणि म्हणाली, “बाबा, व्हाय डू आय हॅव टू विश सायलेंटली?” मी म्हटलं, “मोठ्यानं बोललं की गणितात नापास होतात.” माझी इच्छा काय होती ते मीही बोललो नाही. ती चांगली नव्हती.

पंचवीस तारखेला शिरीषच्या घरी वीस-पंचवीस माणसं. टेबलावर साबुदाणा वडे, पनीर, कोणाचा तरी पास्ता, प्रत्येक भांड्यासमोर ‘व्हेज’, ‘एगलेस’, ‘नट्स’ अशा चिठ्ठ्या. माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘इंग्लिश ख्रिसमस पुडिंग’. अण्णासाहेब भर गरम घरात कानटोपी घालून सोफ्यावर बसले होते. खूप बारीक झालेत. मी पाया पडलो. पडावंच लागतं.

“कोणाचा तू?”

“डेपोतल्या सखारामचा.”

“वा! सखारामचा पोरगा अमेरिकेत! आपल्या शाळेनं काय माणसं घडवली बघा.”

संध्याकाळी पाच वाजता, अंधार पडल्यावर, मी दिवे घालवायला सांगितले. पुडिंग ताटलीत उपडं केलं, पळीभर ब्रँडी गरम करून पेटवली आणि वरून ओतली. निळी ज्योत त्या काळ्या गोळ्यावरून पाण्यासारखी ओघळली. मुलं किंचाळली, फोन वर झाले. “अण्णा, यात अंडं आहे हां,” शिरीषची बायको म्हणाली. “केकमधलं अंडं मोजायचं नसतं,” अण्णासाहेब म्हणाले, “आणि दारू जळून गेली, सगळ्यांनी पाहिलंय!” सगळे हसले. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. “जायफळ काय सुरेख लागलंय.” दुसऱ्यांदा घेतलं. त्यांनी वाटी पुसून खाईपर्यंत मी थांबलो.

मग म्हणालो, “अण्णासाहेब, हे साळवेबाईंचं पुडिंग. त्यांचीच कृती, काही बदल नाही.”

“कोण साळवेबाई?”

ते नाटक करत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. तीस वर्षांचा माझा राग त्या माणसाच्या डोक्यात एक जागासुद्धा अडवून बसला नव्हता. मी सांगितलं, शाळेचं मैदान, अकरा हात, हौद. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला.

“हां… ती. तिला पुढे सरकारी नोकरी लागली ना? बरंच झालं की मग.” आणि त्यांची नजर रिकाम्या वाटीवर गेली. आवाज खाली आला. “अरे… यात ते नसतं ना?”

“काय?”

“ते. चरबी.”

“यात काय असतं ते तुम्हीच तर सांगितलं होतंत. सगळ्या शाळेला.”

“थट्टा नको. हो का नाही?”

“तेव्हा बाई विचारा म्हणत होत्या, अण्णासाहेब. विचारलं नव्हतंत.”

मी उठून ताटल्या उचलायला गेलो. मला आनंद झाला होता. खोटं का बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांचा फोन आला. तिसऱ्या दिवशीही. “शिरीषला सांगितलं नाही मी. झोप नाही रे. तू फक्त हो म्हण नाहीतर नाही म्हण.” चौथ्या दिवशी आवाज चढवला, “तुला शाळेत घेतलं होतं आम्ही!” पाचव्या दिवशी पुन्हा मऊ. मी दर वेळी एकच सांगतो. कृती बाईंची आहे, बाईंना विचारा.

“त्या… आहेत?”

“आहेत.”

“मग नंबर दे.”

“देईन.”

मेधा म्हणते, पुरे कर आता, म्हाताऱ्या माणसाला इतकं छळू नये, सांगून टाक. ती बरोबर असेल. काल तिनं फोन माझ्या हातात आणून ठेवला. मी तो बाजूला ठेवला आणि कागद घेतला. खिडकीबाहेर फांदीवरच्या जाळीत सुतारपक्षी चोच मारत होता. पाकीट आज सकाळी पोस्टात टाकून आलो. पत्र असं होतं.

ती. बाईंना,

शिरसाष्टांग नमस्कार.

सातवीतल्या भाषणात सूएटचं वाक्य मी तुम्हाला न विचारता घातलं होतं, आणि तूप पाहिलं असूनही मी गप्प बसलो. हे तुम्हाला माहीत आहे. तरी माझ्या अक्षरात तुमच्याकडे असावं, म्हणून लिहितो. तुम्ही मला बोलू दिलं नव्हतंत. कागदाला तुम्ही गप्प करू शकणार नाही.

यंदा मी तुमचं पुडिंग केलं. अण्णासाहेब इथे आले आहेत. त्यांनी ते दोनदा घेऊन खाल्लं आणि मग कळलं की ते तुमचं. त्यात काय होतं, हे ते मला रोज फोन करून विचारतात. मी सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, क्षमा कर. बाई, तुम्ही शिकवलेलं सगळं मी केलं, एवढं एक मला जमलं नाही आणि जमवायचंही नाही.

हे मी फोनवर सांगू शकलो असतो. पण पत्राला तीन आठवडे लागतात आणि ते तीन आठवडे मला त्यांना द्यायचे आहेत. पत्र मिळालं की मला एक मिसकॉल द्या. मग मी त्यांना तुमचा नंबर देईन.

त्यांचा फोन येईल. आवाज तुम्ही ओळखाल. आधी ते प्रकृतीचं विचारतील, थंडीचं बोलतील, शाळेच्या नव्या इमारतीचं सांगतील. तुम्ही हो-हो म्हणत राहा. त्यांना खरं सांगायचं की नाही, की फोन ठेवून द्यायचा, ते तुम्ही ठरवा, मी त्यात बोलणार नाही. फक्त एक मागतो. ते मुद्द्यापाशी येऊन अडखळतील आणि तुम्हाला दया येईल, मला माहीत आहे. तरी त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. “बाई, तुम्ही त्यात काय घालत होतात?” एवढे सगळे शब्द त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणू द्या.

तुमचा विद्यार्थी